केटामाइनचे उपचार: जागा कशी निवडायची आणि पैसे कशाकशाचे लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ताईला नऊ वर्षांपासून नैराश्य आहे. चार औषधं झाली. एकानं थोडा फरक पडला होता, तोही टिकला नाही. एका क्लिनिकनं केटामाइनच्या (मुळात भुलीचं औषध, आता नैराश्यावरही देतात) सहा सलाइनचं पॅकेज सांगितलंय, सगळी रक्कम आधी भरली तर सवलत आहे. विमा कंपनी म्हणते, हे आमच्या नियमात बसत नाही. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. तुम्ही विचारताय, भरावेत का पैसे? आणि चांगली जागा ओळखायची कशी?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. भूलतज्ज्ञ सहकाऱ्यांच्या सोबतीनं बरीच वर्षं हे उपचार देते आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ताई मरणाचं बोलत असेल, निरवानिरव करत असेल, गोळ्या साठवून ठेवत असेल, तर पैशांचा हिशोब बाजूला ठेवा आणि आजच तिला जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. केटामाइनची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. पुढचं सगळं त्यानंतर.

आता पैशांचं. आज पॅकेज भरू नका. हा उपचार खोटा आहे म्हणून असं म्हणत नाही. मी स्वतः तो देते, आणि कित्येक महिने अंथरुणातून न उठलेली माणसं त्यानं उठून बसलेली पाहिली आहेत. पण सहा सलाइन म्हणजे अख्खा उपचार नव्हे, ती फक्त सुरुवात. कर्जाचे सगळे पैसे तिथेच संपले, तर ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी हातात काही उरणार नाही. हे असं का, ते कळायला या औषधाची हकिकत माहीत असावी लागते. पैशांचा सगळा घोळ तिच्यातूनच आलेला आहे.

केटामाइन नवं नाही. १९६२ साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी कॅल्विन स्टीव्हन्स यांनी ते तयार केलं. १९६४ मध्ये एडवर्ड डोमिनो आणि गुंटर कोर्सेन यांनी ते पहिल्यांदा माणसांना देऊन पाहिलं, आणि १९७० मध्ये अमेरिकेत भुलीचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. श्वास फारसा न दाबता भूल देतं आणि स्वस्त आहे, म्हणून साधनं तुटपुंजी असतात तिथे शस्त्रक्रियांसाठी ते आजही वापरलं जातं. २००० साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नैराश्याच्या अवघ्या सात रुग्णांवर त्याचा छोटा डोस वापरला: दर किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत शिरेतून. आजही बहुतेक ठिकाणी सुरुवात याच मापानं होते. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १८ रुग्णांवर अभ्यास झाला. सगळ्यांवर आधी बरीच औषधं वाया गेलेली होती. एका डोसनंतर एका दिवसात ७१ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला. ही बातमी सगळीकडे गेली. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता, आणि पैशांच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे. आठवडाभरानंतर हा फरक साधारण ३५ टक्के रुग्णांमध्येच टिकलेला होता. औषध झपाट्यानं चढतं आणि लवकरच उतरतं. म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि खर्चही पुन्हा पुन्हा येतो.

आणखी एक गोष्ट. या जुन्या औषधावर कुणाचं पेटंट उरलेलं नाही. नैराश्यासाठी सरकारी मान्यता मिळवायची तर हजारो रुग्णांवरचे महागडे अभ्यास करावे लागतात, आणि ज्या औषधातून नफा नाही त्यावर इतका खर्च करायला कंपन्या सहसा पुढे येत नाहीत. त्यामुळे साधं केटामाइन नैराश्यासाठी आजही ‘ऑफ-लेबल’ वापरलं जातं, म्हणजे डॉक्टरांच्या जबाबदारीवर, लेबलावर न लिहिलेल्या कारणासाठी. ते बेकायदा नाही. पण विमा कंपनीला नाही म्हणायला एवढं कारण पुरतं. केटामाइनचा रेणू दोन रूपांत असतो, जणू डावा आणि उजवा हात. त्यातलं एस्केटामाइन हे एक रूप वेगळं काढून जॉन्सन अँड जॉन्सन समूहाच्या जॅन्सेन कंपनीनं नाकात मारायचा स्प्रे आणला, त्याचं नाव स्प्रॅव्हॅटो. ५ मार्च २०१९ रोजी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आधीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी आणि रोजच्या गोळीच्या जोडीनं. त्याच वर्षी डिसेंबरात युरोपातही मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं तो गोळीशिवाय एकटा द्यायलाही परवानगी दिली. म्हणजे स्वस्त औषधाला विमा नाही, महागाला निदान मागता तरी येतो. तुमच्या विमा कंपनीनं नक्की कशाला नाही म्हटलंय, सलाइनला की स्प्रेला, ते आधी विचारून घ्या. बहुतेक घरांमध्ये हा फरक कुणी विचारलेलाच नसतो.

बिलाकडे वळू. शिरेतून देतात त्या केटामाइनची कुपी ही बिलातली सगळ्यात लहान रक्कम असते. बाकीचे पैसे खोलीचे, मॉनिटरचे, शेजारी बसणाऱ्या नर्सचे आणि जबाबदारी घेणाऱ्या डॉक्टरचे. ते योग्यच आहेत, आणि कुठे फारच स्वस्त सांगितलं तर मी आधी विचारेन की यातलं काय कमी केलंय. स्प्रेचं उलट आहे, तिथे औषधच महाग. एका नळीत २८ मिलिग्रॅम असतं आणि डोस ५६ किंवा ८४ मिलिग्रॅमचा, म्हणजे एका वेळी दोन किंवा तीन नळ्या. डोस वाढला की बिल थेट दीडपट. दर बोलताना कितीच्या डोसचा, हे विचारलंच पाहिजे.

आता वर्षाचा हिशोब मांडू. स्प्रे पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा, आणि मग दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला. पहिल्या दोन महिन्यांतच १२ वेळा झाले. उरलेल्या ४४ आठवड्यांत आणखी २२ ते ४४. म्हणजे फायदा होत राहिला आणि उपचार चालू ठेवले तर वर्षाला ३४ ते ५६ भेटी. सलाइनचं वेळापत्रक इतकं ठरलेलं नाही. सर्वसाधारणपणे दोन-तीन आठवड्यांत सहा, मग फरक टिकवण्यासाठी अधूनमधून एक. माझ्या रुग्णांमध्ये हे अंतर बहुधा तीन-चार आठवड्यांचं निघतं, काहींना जास्त चालतं, काहींना अजिबातच लागत नाही. म्हणजे वर्षाच्या १८ ते २२ सलाइन धरून चाला. क्लिनिकला सहाचा दर विचारू नका, वीसचा विचारा. शिवाय पहिली सविस्तर तपासणी, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, मळमळीची गोळी, समुपदेशनाचे तास, दर वेळी सोबत येणाऱ्याची बुडालेली रजा आणि जाण्यायेण्याचं भाडं. हे सगळं एका कागदावर लिहा, आणि तो आकडा तुम्हाला झेपतो का ते बघा. झेपत नसेल तर ते लाजिरवाणं नाही. मग दुसरे रस्ते आधी बघायचे, इतकंच.

हे इतकं पोटतिडकीनं लिहिते कारण एक रुग्ण विसरता येत नाही. शिक्षिका होती. एका ठिकाणी तिनं साठवलेले सगळे पैसे भरून महिनाभरात दहा सलाइन घेतली होती, आणि तिला खरोखर बरं वाटलं. वर्गात परत उभी राहिली. दहाव्या सलाइननंतर तिला कुणाचा फोन आला नाही. पुढे काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, गोळ्या कुणी जुळवल्या नव्हत्या, समुपदेशन नव्हतं. अडीच महिन्यांत ती होती तिथे परत आली, वर आता पैसेही नव्हते. माझ्यासमोर बसून म्हणाली, ‘बरं होणं कसं असतं ते मला कळलं, आता हे जास्त जड जातंय.’ तिला आम्ही पुढे उभं केलं, पण दीड वर्ष गेलं.

म्हणून जागा निवडताना माझा पहिला प्रश्न यंत्रांबद्दल नसतो. सहाव्या डोसनंतर ताईला कोण बघणार, हा असतो. चांगल्या ठिकाणी पहिल्या भेटीत औषध देतच नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ तासभर बोलतो, जुनी कागदपत्रं बघतो, आधीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायची परवानगी मागतो. ताईला कधी झोप न लागताही आठवडाभर भरमसाट उत्साह आला होता का, हे विचारतो, कारण ते साधं नैराश्य नसून बायपोलर, म्हणजे टोकाचा उत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार, असू शकतं आणि तिथे उपचाराची दिशाच बदलते. थायरॉइड तपासलंय का, दारू किंवा नशेच्या गोळ्या आहेत का, घरात कुणाला भास-भ्रमाचा आजार होता का, बीपी किती असतं, मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता का किंवा रक्तवाहिनी फुगलेली सापडली होती का, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, हे सगळं विचारतो. आणि यातल्या काही उत्तरांवर तो नाही म्हणतो. तुम्ही क्लिनिकला थेट विचारा: तुम्ही कुणाकुणाला हे औषध देत नाही? जिथे या प्रश्नाचं चटकन आणि नेमकं उत्तर येतं, ती जागा मला बरी वाटते. जिथे ‘सगळ्यांना चालतं’ असं ऐकाल, तिथून उठा.

तसंच कोणत्या आजारासाठी देतात तेही ऐका. भक्कम पुरावा आहे तो औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्याचा. आत्महत्येचे विचार थोड्या काळापुरते ओसरतात, हेही दिसलेलं आहे. आघातानंतरच्या तणावविकारात निष्कर्ष संमिश्र आहेत. भीती, मंत्रचळ (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होणं), व्यसन यांवर अभ्यास छोटे आहेत. फलकावर दहा आजारांची नावं आणि शेजारी हसरा चेहरा असेल, तर दहाही आजारांवर सारखाच पुरावा नाही हे लक्षात ठेवा.

उपचाराची खोली एकदा आधी बघून या. आमच्याकडे कसं असतं ते सांगते, म्हणजे तुलना करता येईल. रुग्ण सहा तास उपाशी असतो, पाणी थोडं चालतं. एका हाताला सुई, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. दिवा मंद, हवा असेल तर डोळ्यांवर पट्टी, अंगावर पांघरूण. सलाइन सोडणारा पंप सुरू झाला की दहाएक मिनिटांत बोलणं संथ होतं. कुणी म्हणतं हात माझे वाटत नाहीत, कुणी म्हणतं छत लांब गेलं. एक आजोबा दर वेळी नर्सचा अंगठा धरून ठेवायचे, संपेपर्यंत सोडायचे नाहीत, आणि ती नर्स ४० मिनिटं तशीच बसायची. पट्टा दर काही मिनिटांनी फुगतो, कारण बीपी वाढतं आणि ते बघावंच लागतं. प्राणवायू, श्वासाची नळी आणि ती घालता येणारा माणूस त्याच मजल्यावर असतो. नंतर माणूस भानावर आला, चालताना डोलत नाही, बीपी खाली आलं, की घरी. स्प्रेच्या बाबतीत अमेरिकेत दोन तासांची देखरेख सक्तीची आहे, रुग्णाच्या हातात घरी न्यायला औषध देतच नाहीत. तुमच्या क्लिनिकमध्ये पंप लावून नर्स शेजारच्या खोलीत जाते असं दिसलं, तर सवलत कितीही मोठी असो, मी तिथे माझ्या माणसाला झोपवणार नाही.

याच कारणानं घरपोच येणाऱ्या केटामाइनच्या गोळ्या-वड्यांबद्दल मी सावध आहे. त्या स्वस्त पडतात, हे खरं. पण तोंडावाटे घेतलेल्या केटामाइनचा साधारण पाचवा हिस्साच रक्तात पोचतो, आणि तो माणसागणिक बदलतो. वर बीपी आणि श्वास बघायला शेजारी कुणी नसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२३ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्याच महिन्यात अभिनेता मॅथ्यू पेरी गेला. त्याचं नाव अनेक घरांत अजून निघतं, म्हणून नीट सांगते. तो नैराश्यासाठी देखरेखीखाली केटामाइन घेत होता, पण शवचिकित्सेच्या अहवालानुसार शेवटचं माहीत असलेलं सलाइन दीड आठवडा आधीचं होतं. शरीरात सापडलेलं औषध त्या सलाइनचं असूच शकत नव्हतं, ते बाहेरून मिळवलेलं होतं. २०२४ मध्ये या प्रकरणी पाच जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात दोघे डॉक्टर होते. ताईला या औषधाची ओढ लागते आहे का, ती डोसांमधलं अंतर कमी करायला सांगते आहे का, हे तुम्हीही बघायचं आहे. नशा म्हणून वारंवार घेणाऱ्यांची लघवीची पिशवी खराब होते, हे २००७ पासून नोंदलेलं आहे. उपचाराच्या डोसात हा धोका कमी, पण लघवीला जळजळ किंवा सारखं जावं लागणं सुरू झालं तर सांगायलाच हवं.

विम्याकडे परत येते, कारण तिथे सगळेच लवकर हार मानतात. विमा कंपनीला तुमचं दुःख कळत नाही, तिला कागद कळतो. ज्याला औषधांना न जुमानणारं नैराश्य म्हणतात त्याची व्याख्या साधारण अशी: आत्ताच्या आजारपणात निदान दोन औषधं पुरेशा डोसात आणि पुरेसे आठवडे घेऊनही फरक नाही. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात दोन औषधं फसल्यावर तिसऱ्यानं पूर्ण बरे होणारे सुमारे १४ टक्केच निघाले. व्याख्येतले ‘दोन’ म्हणूनच महत्त्वाचे. तेव्हा एक कोरा कागद घ्या आणि रकाने आखा: औषध, सर्वांत जास्त डोस, किती आठवडे, काय झालं, का बंद केलं. एक ओळ अशी दिसेल: एस्सिटालोप्रॅम, २० मिलिग्रॅम, ११ आठवडे, पहिल्या महिन्यात थोडा फरक, नंतर नाही. दुसरी अशी: व्हेनलाफॅक्सिन, ७५ मिलिग्रॅम, ३ आठवडे, मळमळीमुळे बंद. ही दुसरी ओळ मोजली जात नाही. डोस कमी होता आणि वेळही अपुरा. नऊ वर्षं आणि चार औषधं ऐकायला पुष्कळ वाटतात, पण असा कागद भरला की कित्येकदा खरी पूर्ण झालेली औषधं एक किंवा दीडच निघतात. माझ्याकडे आलेल्या काही कुटुंबांचा केटामाइनचा विचार या कागदावरच थांबला. अर्धवट सोडलेलं औषध नीट दिलं, सोबत लिथियम या मूड स्थिरावणाऱ्या औषधाची जोड दिली, आणि माणूस सावरला. म्हणून माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त देणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत, आणि ते केटामाइन न देणाऱ्याकडून घ्या.

कागद भक्कम निघाला तर डॉक्टरांकडून पत्र घ्या. त्यात निदान, हा तक्ता, पीएचक्यू-९ किंवा मॅड्रससारख्या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीचे गुण तारखांसह, रुग्णालयात भरती झालेल्या वेळा, आणि उपचार न केल्यास काय धोका आहे, हे सगळं यावं. मंजुरी उपचारांच्या आधी मागा, नंतर मागितलेली फार क्वचित मिळते. नकार आला तर तो लेखी घ्या, कारणासह. फोनवरचा नकार हा नकारच नव्हे असं समजा. मग त्याच कारणाला उत्तर देणारं अपील करा. तुमच्या डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरशी थेट बोलायची तयारी दाखवायला सांगा. माझी निम्मी मंजूर प्रकरणं अशा दहा मिनिटांच्या फोनवर सुटलेली आहेत. आणि सलाइनला ठाम नकार असला तरी बिल सुटंसुटं करून मागा. तपासणी, रक्ताच्या चाचण्या, ईसीजी, समुपदेशन हे पॉलिसीत एरवी बसत असेल तर तेवढं तरी परत मिळवता येतं. एकरकमी पॅकेजच्या पावतीवर यातलं काहीच दिसत नाही. मी आज भरू नका म्हणते त्याचं हे दुसरं कारण.

एक करू नका. एका कुटुंबानं मला पाठदुखीसाठी केटामाइन दिलं असं लिहून मागितलं होतं, म्हणजे विमा मिळेल. मी दिलं नाही. त्यांची अगतिकता मला कळत होती. पण खोटं निदान एकदा कागदावर आलं की ते रुग्णाच्या नावावर कायमचं राहतं, आणि पकडलं गेलं तर खरे क्लेमही संशयात जातात.

विमा नाहीच मिळाला तर? आधी शिकवणी रुग्णालयं आणि सरकारी संस्था बघा. तिथे भूलतज्ज्ञ आणि मानसोपचार विभाग एकाच छताखाली असतात आणि दर पुष्कळ कमी. रांग मोठी असते, पण नाव लावून ठेवायला काही लागत नाही. मग चालू असलेले अभ्यास. जागतिक आरोग्य संघटनेच्या सार्वजनिक नोंदवहीत देशोदेशींचे अभ्यास शोधता येतात. तिथे अभ्यासाचं औषध सहसा मोफत असतं, पण ताईला केटामाइनऐवजी तुलनेचं दुसरंच औषध मिळू शकतं, आणि अभ्यास संपल्यावर काय, हे सही करण्याआधी विचारायचं. स्प्रेसाठी काही देशांत कंपनीच्या मदत योजना आहेत, डॉक्टरांना माहीत असतात.

आणि ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित झटका देण्याचा उपचार. शॉक हा शब्द ऐकून घरचे दचकतील, तरी बोलणं करा. भूल देऊन, स्नायू सैल करून देतात, आणि अनेक ठिकाणी विम्यात बसते. २०२३ च्या एका मोठ्या अमेरिकी तुलनेत भ्रम नसलेल्या नैराश्यात केटामाइननं ५५ टक्के आणि ईसीटीनं ४१ टक्के लोकांना फरक पडला. २०२१ च्या स्वीडनमधल्या अभ्यासात उलट झालं. भरती असलेल्या रुग्णांत पूर्ण बरे झालेले ईसीटीने ६३ टक्के, केटामाइननं ४६. दोन्ही खरे आहेत. रुग्ण वेगळे होते. भ्रम असतील, खाणंपिणं सुटलं असेल, वय जास्त असेल, तर मी ईसीटीकडे झुकते. ईसीटीनं काही काळ विसरायला होऊ शकतं, म्हणून विसरणं चालणारच नाही असं काम असेल आणि भ्रम नसतील, तर केटामाइन आधी. ताईबद्दल हे तिला तपासणाऱ्यानंच ठरवायचं.

एवढं करून त्याच क्लिनिकमध्ये जायचं ठरलं, तर त्यांच्याकडे तीन गोष्टी लेखी मागा. प्रत्येक वेळचे पैसे त्या त्या वेळी, फार तर दोन-दोनचे. चौथ्या सलाइननंतर गुण मोजून पुढे जायचं की थांबायचं ते ठरवणं, आणि थांबलं तर उरलेले पैसे परत. सहापर्यंत ज्यांना काहीच फरक नाही त्यांना सातव्यानं जादू होताना मी पाहिलेली नाही. आणि शेवटचं, पुढच्या सहा महिन्यांचा आराखडा: गोळी कोणती, समुपदेशन कुणाकडे, परत घसरली तर किती दिवसांत वेळ मिळेल. सवलत गेली तर जाऊ द्या.

घरचे कर्जाचं म्हणतात, त्यावर एवढंच सांगते. कर्ज काढायचंच असेल तर चार सलाइन आणि दुसरं मत इतक्याचंच आधी काढा. चौथ्यानंतर फरक दिसला तर पुढच्या वर्षाचं बोलता येईल. नाही दिसला तर हप्ते फेडत असताना ताईला ‘माझ्यामुळे’ असं वाटणार नाही, निदान कमी वाटेल. नैराश्यातला माणूस घरावरचं कर्ज स्वतःच्या खात्यावर लिहितो.

पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा. त्या दिवशी तिनं गाडी चालवायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी झोप पूर्ण झाल्यावरच. कागदांवर सह्या, पैशांचे निर्णयही त्या दिवशी नकोत. घरी आल्यावर सारखं ‘बरं वाटतंय का’ विचारू नका, तिला उत्तर द्यायचं दडपण येतं. त्याऐवजी एका वहीत रोज रात्री दोन ओळी तुम्ही लिहा: आज आपणहून अंघोळ केली का, फोन उचलला का, पूर्वी आवडायचं त्यातलं काही हातात घेतलं का, रात्री किती वाजता झोप लागली. चौथ्या सलाइननंतर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. प्रश्नावलीचे गुण आणि वही एकच सांगत असतील तर निर्णय सोपा जातो. दोन्ही वेगळं सांगत असतील तर मी वहीवर जास्त विश्वास ठेवते.

औषधांचा तक्ता भरून झाला की इथेच लिहा, ताईचं नाव न घालता. त्यातली कोणती औषधं पूर्ण झालेली मोजता येतील ते मी बघून सांगते.